बथशेबाचा केसपेपर

दर ऑक्टोबरात ते चित्र आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतं. वर गुलाबी फीत, खाली 'वेळीच तपासणी करा' असा मजकूर आणि मधोमध एक विवस्त्र बाई. तिच्या डाव्या स्तनाशी कुणीतरी लाल वर्तुळ काढलेलं असतं. 'साडेतीनशे वर्षांपूर्वी चित्रकाराने नकळत टिपलेला कर्करोग!' निम्मी मंडळी अंगठा दाखवतात, एखादी काकू हात जोडते, आणि ग्रुप पुन्हा वाढदिवसांकडे वळतो. माझा आतेभाऊ सर्जन आहे. गेल्या वर्षी त्याने खाली लिहिलं, "क्लासिक डिम्पलिंग." म्हणजे गाठीमुळे कातडीला पडणारी खळगी. मी विचारलं, "दादा, तिच्या हातातलं पत्र पाहिलंस का?" त्याचं उत्तर आलं, "कुठलं पत्र?"

मला राग आला, आणि तो दादापुरता नव्हता. संदेश चांगला आहे, तपासणी करायलाच हवी, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण सगळ्या चित्रात एकच वस्तू अशी आहे की जिच्यामुळे ती बाई तशी बसली आहे, आणि इतकं बारकाईने पाहणाऱ्या माणसाला नेमकी तीच दिसली नाही. वर्तुळ काढलं की वर्तुळाबाहेरचं दिसेनासं होतं.

चित्र रेम्ब्रांट या डच चित्रकाराचं आहे. साल १६५४, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. साधारण १४२ सेंटिमीटर लांब आणि तितकंच रुंद, म्हणजे चौरस, आणि आतली बाई जवळजवळ खऱ्या मापाची. ही बायबलमधली बथशेबा. आंघोळ झाली आहे. पांढऱ्या कापडाच्या चुरगळलेल्या ढिगावर ती बसली आहे, एक हात मागे टेकलेला, एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर. अंगावर गळ्यातला दागिना, दंडावरचं कडं, मांडीवर झिरझिरीत वस्त्राचा पदर. बाकी काही नाही. खाली डाव्या कोपऱ्यात, अंधारात, एक म्हातारी दासी तिच्या पावलापाशी वाकली आहे. आणि मांडीवर टेकलेल्या दुसऱ्या हातात पत्र. वाचून झालेलं. नजर पत्रावर नाही, दासीवर नाही, आपल्यावर तर नाहीच. मान किंचित खाली कलली आहे आणि डोळे कुठेतरी मधल्या जागेत थांबले आहेत. काही ऐकल्यावर आपण हातातलं काम न सोडता थांबतो, तसे.

स्तनावरच्या त्या छायेची गोष्ट आधी उरकून घेते. १९८३ साली इंग्लंडमधल्या शल्यविशारदांच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात तिच्यावर लेख आला: छाया, खळगी आणि काखेजवळची भरीव जागा पाहता हा स्तनाचा कर्करोग असावा. मग इतर डॉक्टर उतरले. कुणी क्षयाची गाठ म्हणालं, कुणी दूध साचून झालेला गळू. ज्या बाईला समोर बसवून हे चित्र काढलं असं मानतात, ती हेंड्रिक्ये स्टोफेल्स, रेम्ब्रांटची लग्नाविना सहचरी, त्यानंतर नऊ वर्षं जगली आणि १६६३ साली वारली. उपचाराविना कर्करोगाने इतकी वर्षं दिली असती का, यावरही वाद झाले. आणि मुळात समोर बसलेली बाई हेंड्रिक्येच होती, याचा एकही लेखी पुरावा नाही. तरी एक श्रेय डॉक्टरांना द्यायला हवं. ते खरोखर पाहत होते. कित्येक समीक्षकांनी 'रेम्ब्रांटची करुणा' असे दोन शब्द लिहून जी जागा ओलांडली, तिथे डॉक्टर थांबले, कातडीची घडी पाहिली, प्रकाश कुठून येतो ते मोजलं. माझी तक्रार वेगळी आहे. त्यांनी तिचा केसपेपर काढला.

केसपेपर काढायची सवय डॉक्टरांपुरती असती तर एवढं लिहिलं नसतं. चित्राखाली पाटी लावणारे, चित्रकाराचं चरित्र सांगणारे, चित्रातल्या बाईचा न्यायनिवाडा करणारे, सगळेच आपापल्या खिडकीवर तिचं नाव पुकारतात. लक्षणं, निदान, सही, पुढचा. चित्रातली गोष्ट आणि चित्रातला भाव कसा वाचायचा हा प्रश्न संग्रहालयाच्या भिंतीपुरता राहिलेला नाही. दिवसातून शंभर चित्रं फोनवर सरकवणारे आपण सगळे तो रोज सोडवतो आणि बहुतेक वेळा चुकीचा सोडवतो.

मी एक प्रयोग केला, मुद्दाम ठरवून नाही. वाईला मावशीकडे गेले होते. मावशी ऐंशीच्या घरातली. तिला बायबल ठाऊक नाही, रेम्ब्रांट ठाऊक नाही. फोनवर चित्र दाखवलं, वर्तुळ नसलेलं. "बाई, हे काय उघडंवाघडं" म्हणून तिने आधी तोंड फिरवलं. मग फोन हातात घेतला, चष्मा पुसला, लांब धरून पाहिलं आणि म्हणाली, "कोपरा फाडलाय का गं पत्राचा?"

नव्या मुलांना हे सांगावं लागेल. पूर्वी कुणी गेल्याचं कार्ड पोस्टाने यायचं, तेव्हा त्याचा कोपरा फाडलेला असायचा. कार्ड वाचायच्या आधीच कळायचं. आणि वाचून झालं की ते घरात ठेवायचं नाही, फाडून टाकायचं. मावशीने अशी कार्डं घेतली आहेत, दारात उभं राहून. म्हणून तिने चेहऱ्याआधी पत्र पाहिलं, पत्राआधी ते धरणारा हात. "घट्ट धरलेलं नाहीये," ती म्हणाली. "आणि सोडलेलंही नाहीये. वाईट बातमी अशीच धरतात." मग दासीकडे बोट केलं. "हिला ठाऊक आहे. ही मान वर करत नाहीये बघ."

तिने गोष्ट चुकीची सांगितली, कारण या पत्रात कुणाच्या मृत्यूची बातमी नाही. भाव मात्र तिने असा नेमका पकडला की मी गप्प बसले. आणि गोष्टही किती चुकली, हे आता पाहू.

मूळ गोष्ट शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात, ११व्या अध्यायात आहे. राजे लढाईला निघतात त्या ऋतूत दावीद राजा यरुशलेमात मागे राहिला. संध्याकाळी पलंगावरून उठून तो राजवाड्याच्या गच्चीवर फेऱ्या मारत होता. तिथून त्याला एक बाई आंघोळ करताना दिसली. गच्चीवर तो होता, ती नव्हती. पण आजही ही गोष्ट सांगणारे तिलाच गच्चीवर चढवतात, म्हणजे पुढचं सगळं सोपं होतं. त्याने चौकशी केली. एलियामची मुलगी, उरीया हित्तीची बायको, असं कळलं. उरीया त्याच्याच सैन्यात होता, लढाईवर गेलेला. दावीदाने माणसं पाठवून तिला आणवलं. विटाळ संपवून ती शुद्ध झाली होती, एवढं मजकूर आवर्जून नोंदवतो. ती घरी परतली आणि काही दिवसांनी तिने निरोप धाडला: मला दिवस गेले आहेत. हिब्रूत हे दोन शब्द आहेत. या सगळ्या अध्यायात तिच्या तोंडी आलेलं बोलणं एवढंच. पंडिता रमाबाई अख्खं बायबल मराठीत आणायला बसल्या तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. असे दोन शब्द समोर आले की कळतं, का.

पुढे दावीदाने उरीयाला लढाईवरून बोलावलं, घरी जाऊन निजायला सांगितलं. म्हणजे मूल त्याच्या नावावर खपलं असतं. तो गेला नाही. बाकीचे शिपाई उघड्यावर असताना मी घरी कसा जाऊ, म्हणून राजवाड्याच्या दाराशीच झोपला. मग दावीदाने सेनापती यवाबाला पत्र लिहिलं: याला लढाईच्या तोंडावर उभं करा आणि मागे हटा, म्हणजे तो मरेल. ते पत्र त्याने उरीयाच्याच हाती दिलं.

थांबण्याची जागा इथे आहे. मजकुरात पत्र एकच आहे आणि ते हे. बथशेबाला दावीदाने पत्र धाडल्याचा बायबलमध्ये एक शब्द नाही. तिला आणायला माणसं गेली, कागद गेला नाही. तिच्या हातातलं पत्र चित्रकारांनी घातलं आहे. रेम्ब्रांटच्या आधीपासून ते चित्रांत दिसतं. रुबेन्स या त्याच्या समकालीन चित्रकाराने १६३५च्या सुमारास हाच प्रसंग रंगवला, ते चित्र जर्मनीत ड्रेस्डेनला आहे. तिथे कारंज्यापाशी बथशेबा बसली आहे, दासी केस विंचरते, एक काळा पोऱ्या पत्र घेऊन येतो आहे, कुत्रं त्याच्यावर गुरगुरतं, आणि वर दूर कोपऱ्यात गच्चीवर इवलासा राजा. पत्र अजून तिच्या हातात पडलेलं नाही. सगळं कसं लगबगीत, नाटकाच्या पहिल्या अंकासारखं. कुत्र्याला तेवढं कळलंय की काहीतरी बिघडणार आहे.

रेम्ब्रांटने कारंजं काढून टाकलं, पोऱ्या काढला, कुत्रं काढलं. पत्र ठेवलं, आणि ते वाचून झाल्यानंतरचा क्षण निवडला. त्यामुळे त्या कागदात दोन पत्रं मिसळतात. तिच्यासाठी ते बोलावणं आहे. गोष्ट ठाऊक असणाऱ्यासाठी, आणि १७व्या शतकातल्या ॲम्स्टरडॅममध्ये ती घरोघरी ठाऊक होती, पत्र म्हटलं की दुसरं आठवणारच, नवऱ्याने नकळत वाहून नेलेलं, त्याच्याच मृत्यूचं. ते अजून लिहिलंही गेलेलं नाही. तिला ते ठाऊक असणं शक्य नाही. पण तिचा हात मात्र कोपरा फाडलेलं कार्ड धरावं तसा आहे. मावशीची गोष्ट चुकली, ती काही दिवसांच्या फरकाने.

म्हणून 'ज्याला जे दिसेल ते खरं' हे वाक्य मला मान्य नाही. चित्राच्या रसग्रहणाच्या वर्गात हल्ली ते फार उदारपणे वाटलं जातं. एका वर्गात मी हेच चित्र पाहताना ऐकलं, "मला ती प्रियकराच्या आठवणीत रमलेली वाटते." शिक्षिका म्हणाल्या, "छान, तेही बरोबर." कसं बरोबर? मान पाहा, हात पाहा. लूव्रमध्ये या चित्राची क्ष-किरण तपासणी झाली तेव्हा खालच्या थरात असं आढळलं की आधी तिचं डोकं जास्त वर होतं. रेम्ब्रांटने ते नंतर खाली कलवलं. रंगवून झालेला चेहरा पुसून मान काही अंशांनी वळवणं हा चित्रकाराच्या हातून झालेला निर्णय आहे. त्या काही अंशांत त्याने बऱ्याच शक्यता स्वतःच मोडीत काढल्या. रमलेली बाई त्यातच गेली. उरलेल्या शक्यता आपल्या, पण गेलेल्या आपल्या नाहीत.

आता दुसरी खिडकी. तिने काय करायला हवं होतं? बायबलच्या बाहेर या बाईचा निवाडा शतकानुशतकं चालू आहे. बरेचसे चित्रकार तिला मोहिनी करून मोकळे झाले: आरसा, मोर, तिरपी नजर. खुद्द रेम्ब्रांटनेही १६४३ साली तिचं एक चित्र काढलं होतं, आता ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. तिथे ती सरळ आपल्याकडे पाहते, आणि मागे लांब राजवाड्याचे मनोरे आहेत. आपल्याकडे अहल्येचं काय झालं ते आठवा. वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात ती इंद्राला ओळखते आणि कुतूहलाने होकार देते. उत्तरकांडात कथा बदलते, तिथे ती फसवली जाते. तेव्हापासून आपले कीर्तनकार, कवी, अभ्यासक एकाच प्रश्नाभोवती फिरतात: तिला कळलं होतं की नव्हतं? इंद्राला कळलं होतं की नव्हतं, हे कुणी विचारत नाही, कारण त्यात विचारण्यासारखं काही नाही.

११व्या अध्यायात 'पाठवणे' हे क्रियापद पुन्हा पुन्हा येतं. दावीद सैन्य पाठवतो, चौकशीला माणूस पाठवतो, तिला आणायला माणसं पाठवतो, उरीयाला परत पाठवतो, पत्र पाठवतो. सत्ता म्हणजे काय, ते हा अध्याय एका क्रियापदात सांगतो. राजाचं बोलावणं आल्यावर शिपायाच्या बायकोला होकार-नकार उरतो का? आणि पुढच्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत परमेश्वर पाठवतो, नाथान संदेष्ट्याला, दावीदाकडे. नाथान एका गरीब माणसाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगतो. श्रीमंताने पाहुण्यासाठी ती कापली. दावीद संतापतो, असा माणूस मेलाच पाहिजे! नाथान म्हणतो, तो माणूस तूच. म्हणजे मजकुराने दोषी कोण ते सांगून टाकलं आहे. तरी मत्तयाने लिहिलेल्या शुभवर्तमानाच्या आरंभी येशूची वंशावळ येते, तिथे शलमोनाच्या आईचं, म्हणजे बथशेबाचं, नाव नाही. ती 'उरीयाची बायको' आहे. यात कुणाला तिचा अपमान दिसतो, कुणाला दावीदाला मारलेली चपराक. मला चपराक दिसते.

१६५४च्या चित्रात दावीद कुठेच नाही. गच्ची नाही, मनोरा नाही, कोपऱ्यातला इवला राजा नाही. मग तिला पाहतंय कोण? तिच्यासमोर, थोडं अंतर ठेवून, विवस्त्र बाईकडे एकटक बघत उभा असलेला माणूस एकच आहे, आणि त्याने तिकीट काढलं आहे. रेम्ब्रांटने राजाला हाकलून ती जागा प्रेक्षकाला दिली. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी नकळत एक पाऊल मागे सरकले होते. आणि राजाला न दिसलेली एक गोष्ट त्याने आपल्याला दाखवली: तिला विचार करायला लागणारा वेळ. दावीदाला गच्चीवरून अंग दिसलं. आपल्याला अंगही दिसतं आणि त्या अंगाच्या वर, त्याच्याशी जणू संबंध नसल्यासारखी, विचारात पडलेली मान दिसते. चित्राचा भाव या दोहोंच्या विसंगतीत आहे. फक्त चेहरा कापून पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लावला तर निव्वळ उदास बाई उरते. फक्त स्तनाला वर्तुळ काढलं तर रुग्ण उरतो. दोन्ही वेळा दावीदच पाहतो आहे, असं म्हटलं तर दादा चिडेल. पण मी म्हणते.

तिसरी खिडकी चरित्राची. तिथे रांग सर्वांत मोठी असते, कारण गोष्ट चटकदार आहे. पत्नी सास्किया १६४२ साली वारली. तिच्या मृत्युपत्रातल्या अटीमुळे पुन्हा लग्न केलं तर रेम्ब्रांटला तिच्या मालमत्तेवर पाणी सोडावं लागलं असतं, म्हणून हेंड्रिक्येशी त्याने लग्न केलं नाही. १६५४च्या उन्हाळ्यात ती गरोदर असताना चर्चच्या पंचांनी तिला बोलावलं. चित्रकार रेम्ब्रांटशी व्यभिचार केल्याची कबुली तिच्याकडून घेतली आणि चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या विधीला बसायची मनाई केली. रेम्ब्रांटला काही झालं नाही. ऑक्टोबरात त्यांची मुलगी कॉर्नेलिया जन्मली. त्याच वर्षीचं हे चित्र: देहावरून बोलावणं आलेली बाई, हातात कागद. मोह पडणारच. मलाही पडला, मी काही वर्षं लोकांना हे चित्र असंच समजावून सांगत होते. पत्र म्हणजे चर्चचं समन्स, बथशेबा म्हणजे हेंड्रिक्ये, चित्र म्हणजे रेम्ब्रांटचा पश्चात्ताप. ऐकणारे हळहळायचे, आणि एकदा हळहळून झालं की चित्राकडे पाठ करून कॅफेकडे निघायचे. तेव्हा शंका यायला हवी होती.

शंका आली ती त्याच संग्रहालयातल्या दुसऱ्या चित्रामुळे. रेम्ब्रांटचा शिष्य विलेम द्रोस्त यानेही १६५४ सालीच बथशेबा रंगवली. तीही लूव्रमध्येच आहे. तिच्याही हातात पत्र, तीही विचारात. द्रोस्तच्या घरात कुणाला चर्चने बोलावलं होतं? विषय त्या वर्षी चित्रशाळेत होता, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय बथशेबाची ती बैठक, आणि पायाशी वाकलेली दासी, यांचा सांगाडा एका प्राचीन उठावशिल्पाच्या छापचित्रावरून घेतला असावा असं अभ्यासक दाखवतात. रेम्ब्रांटकडे छापचित्रांचे गठ्ठेच्या गठ्ठे होते. १६५६ साली त्याचं दिवाळं निघालं तेव्हा घरातल्या सामानाच्या यादीत ३६३ नोंदी झाल्या, त्यात ते सापडतात.

आणि चरित्रच लावायचं तर पुरतं लावा. हेंड्रिक्येच्या आधी त्या घरात खिर्त्ये दिर्क्स होती, सास्कियाच्या मुलाला सांभाळणारी. लग्नाचं वचन मोडलं म्हणून १६४९ साली तिने रेम्ब्रांटवर दावा केला. पंचांनी त्याला तिची पोटगी बांधून द्यायला लावली. पुढच्याच वर्षी त्याने खटपट करून तिला खौडाच्या सुधारगृहात डांबलं. ती सुटली १६५५ साली. म्हणजे हे चित्र रंगत होतं तेव्हा एक बाई त्याच्यामुळे कोंडलेली होती. 'रेम्ब्रांटची स्त्रीविषयक करुणा' या मथळ्याखाली हे कुठल्या पाटीवर येतं? हेंड्रिक्येमुळे चित्र करुण होत असेल तर खिर्त्येमुळे ते खोटं व्हायला हवं. होत नाही. मान तेवढीच कललेली राहते. माणूस आपल्या वागण्यापेक्षा जास्त समजूतदार चित्र काढू शकतो, ही गोष्ट पचायला जड आहे, पण चित्रांच्या इतिहासात तिचे दाखले पायलीला पन्नास मिळतात. ज्याला खिर्त्येवरून रेम्ब्रांटला शिव्या द्यायच्या त्याने जरूर द्याव्यात, मीही देते. पण त्यासाठी बथशेबाला साक्षीला उभं करायचं कारण नाही.

चरित्र वाचूच नका, असं मात्र मी म्हणणार नाही. चर्चच्या समन्सची गोष्ट कळल्यावर मी पुन्हा चित्राकडे गेले आणि दासीचा चेहरा पहिल्यांदा नीट पाहिला. तेवढं काम चरित्राने केलं. माहितीने आपल्याला परत चित्राकडे ढकलावं. तिने चित्राचं दार लावून घेतलं की ती निरुपयोगी.

आपल्याकडे या आजाराला शाळेतच सुरुवात होते. 'पुढील ओळींतील रस ओळखा', गुण एक. करुण लिहिलं की सुटलो. मुलांना वाटतं भाव म्हणजे बाटलीवरची चिठ्ठी. ज्या शास्त्रातून हा प्रश्न आला ते शास्त्र इतकं कंजूष नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात स्थायी भाव आठ, पण येणारे-जाणारे व्यभिचारी भाव तेहेतीस. चिंता, शंका, दैन्य, विषाद, व्रीडा म्हणजे लाज, वितर्क म्हणजे असं की तसं हे मनात घोळवणं, जडता म्हणजे ऐकून थिजणं. आणि अवहित्थ, म्हणजे आतला भाव बाहेर दिसू न देणं. बथशेबापुढे ही यादी घेऊन उभी राहिले तेव्हा मला निदान पाच-सहा एकाच वेळी सापडले, आणि गंमत अशी की त्यांचा मिळून एक स्थायी भाव ठरेना. शोक म्हणावा तर अजून काही घडलेलं नाही. भय म्हणावं तर अंग सैल आहे. ती घडण्याच्या अलीकडे आहे. बरोक, म्हणजे त्या काळातल्या नाट्यमय शैलीच्या, चित्रकारांना घडण्याचा क्षण प्रिय: तलवार मानेवर, डोळे आकाशाकडे, वस्त्रं वाऱ्यावर. त्याच शतकातला हा माणूस कुठेही तलवार न दाखवता एक बाई बसवतो. त्याच्या नाटकात पडदा अर्ध्यावर अडकला आहे. त्यावर 'करुण, गुण एक' असं लिहून पुढे जाणं हा त्या शास्त्राचाही अपमान आहे.

तर पाटीवर काय असावं? माझं सरळ म्हणणं: गोष्ट असावी, आणि पूर्ण असावी. मुंबईचा असो की नागपूरचा, ज्याला शमुवेलाचं पुस्तक ठाऊक नाही त्याला गच्ची, उरीया आणि ती दोन पत्रं कळल्याशिवाय हे चित्र अर्धंच मिळतं. साल असावं, चित्रकाराने काय बदललं ते असावं, मानेचं तर असावंच. 'खिन्न', 'हताश', 'आर्त', 'प्रेमविव्हल' ही विशेषणं मात्र पाटीवर नकोत. संग्रहालयात कानाला माहिती सांगणारं यंत्र लावून फिरणाऱ्यांना तर हे आधी सांगावं लागेल, कारण तिथे आवाजही विशेषणाला साजेसा खोल केलेला असतो आणि मागे कुणीतरी चेलो वाजवतं. तो आवाज 'दुःख' म्हणाला की पाहणाऱ्याचे डोळे ते शोधायचं काम सोडून देतात. लोकांना मदत हवी असते, असा यावर आक्षेप येतो. हवीच असते. पण मदत म्हणजे 'तिचा उजवा हात पाहा' असं सांगणं. हात पाहिल्यावर काय वाटावं हेही सांगितलं, तर त्या माणसाने पॅरिसपर्यंत यायचंच कशाला?

घरच्या ग्रुपवर यंदाही चित्र आलं. या वेळी मी भांडले नाही. वर्तुळ नसलेलं चित्र टाकलं आणि खाली सगळी गोष्ट लिहिली, उरीयाच्या हातच्या पत्रासकट. चार अंगठे आले. दादाने बऱ्याच वेळाने लिहिलं, "पत्र पाहिलं. अंगठ्याची पकड ढिली आहे." सर्जनच तो. पण तो पत्रापर्यंत आला होता, म्हणून मी पुढे काही बोलले नाही.

मावशी ग्रुपवर नाही. तिला मी वाईलाच गोष्ट सांगितली होती. ती पूर्ण ऐकून घेतली, मधे एकदा "मेला" म्हणाली, ते दावीदाला. मग तिने फोन पुन्हा मागितला.

"ही म्हातारी पाय पुसत्येय की नखं काढत्येय?"

जाणकारांतही दोन्ही म्हणणारे आहेत, मी म्हणाले.

"पुसत असेल तर आत्ताच निघायचंय," मावशी म्हणाली. "नखं काढत असेल तर वेळ आहे अजून."

दोघींनी मिळून तो कोपरा बोटांनी ताणून मोठा केला. आणखी मोठा केला. म्हातारीचे हात गेले, आणि पडद्यावर तपकिरी चौकोन तेवढे राहिले.